चित्रनोंदींतून साहित्याची ओळख : मराठीच्या शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीच्या तासाला चित्रे, आकृत्या आणि रंगीत टिपणे वापरू पाहणाऱ्या शिक्षकांकडून आणि पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसऱ्या उत्तरात असेल, तर तेथे तो क्रमांक सांगितला आहे.

१. चित्रनोंद म्हणजे नेमके काय? चित्रकलेच्या तासापेक्षा ती वेगळी कशी?

कविता किंवा पाठ वाचताना विद्यार्थ्याने शब्द, रेघा, आकृत्या, बाण आणि रंग एकत्र वापरून वहीत केलेली नोंद, एवढाच तिचा अर्थ आहे. चित्रकलेच्या तासाला चित्र स्वतःच्या बळावर उभे राहावे अशी अपेक्षा असते. चित्रनोंदीत मात्र कागदावरच्या प्रत्येक रेघेला मजकुरातला एखादा शब्द जबाबदार असावा लागतो. ‘हे झाड तू उजवीकडे का काढलेस?’ या प्रश्नाला मुलाने ओळीवर बोट ठेवून उत्तर दिले, तर ती चित्रनोंद झाली. ‘तिथे जागा होती म्हणून’ असे उत्तर आले, तर अजून एक वाचन बाकी आहे असे समजावे. या पृष्ठावरची पुढची बहुतेक उत्तरे याच एका कसोटीवर आधारलेली आहेत.

२. मला स्वतःला चित्र काढता येत नाही. तरीही मी हे शिकवू शकते का?

निश्चितच शिकवू शकता. फळ्यावर वर्तुळ, चौकोन, बाण, नागमोडी रेघ आणि काडीची माणसे एवढे काढता आले की पुरे. उलट शिक्षिकेने फळ्यावर सुबक चित्र काढले, तर वर्गातली निम्मी मुले तेच उतरवून घेतात आणि स्वतःचे वाचन बाजूला ठेवतात. त्यामुळे पहिल्या काही तासांना फळ्यावर चित्र न काढता केवळ प्रश्न लिहावेत, असे मी आग्रहाने सुचवेन.

३. यामुळे साहित्य खरोखर अधिक कळते, की मुले केवळ रमतात?

शब्द आणि प्रतिमा अशा दोन वाटांनी मनात साठवलेली माहिती आठवायला सोपी जाते, ही मांडणी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पैव्हिओ यांनी 1971 च्या सुमारास केली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की जे शब्द लोकांनी चित्रात काढले, ते त्यांना नुसत्या लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा अधिक आठवले. चित्र चांगले की वाईट, याने त्यात फारसा फरक पडला नाही. ज्यांना ‘आमच्या मुलाचा हात चांगला नाही’ ही चिंता वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

तथापि हे प्रयोग सुट्या शब्दांच्या स्मरणाविषयीचे होते आणि कविता कळणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे ‘चित्र काढले की कविता कळते’ असा दावा मी करणार नाही. माझ्या मते खरा लाभ असा की चित्र काढताना मुलाला निर्णय घ्यावा लागतो. वाचताना ‘एक गाव होते’ यावरून नजर सहज पुढे सरकते. काढताना मात्र ते गाव नदीच्या कोणत्या काठावर हे ठरवावेच लागते, आणि ते ठरवण्यासाठी मूल पुन्हा मजकुराकडे वळते. कोणी सांगितल्याशिवाय केलेले हे दुसरे वाचनच आपल्याला हवे असते.

४. सुरुवात कोणत्या कवितेपासून करावी आणि पहिला तास कसा घ्यावा?

इयत्ता सातवीपासून पुढे बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता घ्यावी. ती केवळ आठ ओळींची आहे आणि तिच्यात जागा, रंग व दिशा इतक्या नेमक्या आल्या आहेत की मुलांना पकडायला भरपूर काही मिळते. तास पुढीलप्रमाणे घेता येतो.

पुस्तके मिटवून कविता दोनदा सावकाश वाचावी. मग वहीचे पान मधोमध दुमडून उजव्या बाजूला चित्र आणि डाव्या बाजूला त्या चित्राला आधार देणारे कवितेतले शब्द, अशी विभागणी सांगावी. सुरुवातीला रंग देऊ नयेत. केवळ शिसपेन्सिलीने ‘काय कुठे आहे’ एवढेच काढू द्यावे. पाचएक मिनिटांतच प्रश्न येऊ लागतात. झरा कुठून कुठे जातो? गाव अलीकडे की पलीकडे? आता पुस्तक उघडू द्यावे. गाव ‘पैल टेकडीकडे’ आहे हे सापडले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : मग हे सगळे पाहणारा कुठे उभा आहे? कवितेत ‘मी’ कोठेही नाही, तरी पाहणाऱ्याची जागा कवीने ठरवलेली आहे, हा शोध मुलांना स्वतःला लागतो. तो शिक्षकांनी आधी सांगून टाकू नये.

दुसऱ्या फेरीत रंग द्यावेत. हिरवा रंग कवितेत तीनदा येतो : काठांवरच्या हिरवाळीत, शेतमळ्यांच्या गर्दीत आणि कुरणांत. झरा निळासावळा आहे, पायवाट पांढरी आहे आणि ती काळ्या डोहाकडे जाते. मुलांनी हे रंग ओळींच्या क्रमाने भरले, तर आपली नजर गावापासून निघून त्या पांढऱ्या पायवाटेने डोहापाशी कशी नेली गेली, हे त्यांना कागदावर दिसते. पुष्कळ मुले झाड काठावर काढतात. त्यांना शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगावी. झाडाने पाय पाण्यात टाकले आहेत आणि ते तेथे बसले आहे. झाडाला बसलेले दाखवायचे कसे, यावर वर्गात हमखास वाद होतो आणि तो होऊ द्यावा.

सर्वांत कठीण जागा सातव्या ओळीत आहे. तेथे लाटांवर पसरणाऱ्या काळिम्याला कवी ‘गोड’ म्हणतो. कोणत्याही रंगखडूने हा शब्द काढता येत नाही. मुले अडतात, एकमेकांकडे पाहतात, कोणी काळ्यावर जांभळा घासून पाहते. येथे चित्र थांबवावे आणि डाव्या बाजूला दोन-तीन वाक्ये लिहायला सांगावीत : काळोख गोड कधी वाटतो? चित्र जेथे अपुरे पडते तेथूनच मुलांचे उत्तम लेखन सुरू होते, आणि पहिल्याच तासाला ते घडावे म्हणून तर ही कविता निवडायची.

५. साहित्य काय लागेल? आमच्या शाळेत चित्रकलेच्या वह्याही सर्वांकडे नसतात.

पाठकोरे कागद, शिसपेन्सिल आणि दोन रंगांची पेने एवढ्यावर वर्ष निघते. वर उल्लेखलेल्या कवितेसाठी रंगखडूंची एक पेटी चार मुलांत पुरते. खोडरबर मात्र देऊ नये, याचे कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

६. ज्या कवितेत डोळ्यांपुढे उभे राहील असे दृश्यच नाही, तिचे काय करायचे? अभंग कसा काढणार?

दृश्य नसेल तर रचना काढावी. अभंगासाठी गणिताची चौकटींची वही अत्यंत सोयीची पडते. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात साधारणपणे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात. प्रत्येक चरणाला एक ओळ आणि प्रत्येक अक्षराला एक चौकट अशी मांडणी केली की चौथा चरण आखूड राहिलेला लगेच दिसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक असते. त्या दोन चौकटी एकाच रंगाने रंगवाव्यात. मग अभंग टाळ्या वाजवत मोठ्याने म्हणावा. चौथ्या चरणाशी लय कशी विसावते, हे मुलांना वहीत दिसलेले असते आणि आता कानांनाही कळते.

तुकोबांच्या ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ या अभंगाची सुरुवात अशी मांडली, तर ‘वृक्षवल्ली आम्हां’ यात सहा चौकटी भरतात, पण ‘सोयरीं वनचरें’ यात सात लागतात. ‘सर, चौकट कमी पडली’ अशी तक्रार लगेच येते. ती ऐकून मुलाची मोजणी चुकली असे म्हणू नये. अक्षरांचे माप हे अभंगाचे सर्वसाधारण वळण आहे, तो गाण्यासाठी रचलेला असतो, आणि गाताना एखादे अक्षर कमीजास्त झाले तरी ते सामावून घेतले जाते. नियम पाठ करून जे कळत नाही, ते ही जादाची एक चौकट शिकवते.

भाव किंवा विचार हाच गाभा असलेल्या आधुनिक कवितेसाठी आणखी एक पद्धत आहे. पानावर डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढावी आणि प्रत्येक कडव्यातला स्वर चढतो की उतरतो, त्याप्रमाणे ती वरखाली न्यावी. जेथे रेघ वळते, तेथे ज्या शब्दामुळे ती वळली तो शब्द लिहावा. दोन मुलांच्या रेघा सारख्या येत नाहीत, आणि त्या तशा का आल्या यावरच चर्चा घ्यावी.

७. मुले उपमेतली वस्तू काढतात आणि तेथेच थांबतात. यावर उपाय काय?

ही या पद्धतीची सर्वांत मोठी अडचण आहे आणि ती मान्य करूनच पुढे जावे लागते. बहिणाबाई चौधरी यांच्या ‘अरे संसार संसार’ या कवितेत संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा आहे. मुले चूल काढतात, तवा काढतात, वर टम्म फुगलेली भाकरी काढतात आणि काम संपले असे समजतात. चित्र सुरेख असते आणि संसार त्यात कुठेच नसतो.

येथे एकाऐवजी दोन चौकटी आखायला सांगाव्यात, कारण कवयित्रीने क्रम सांगितला आहे : आधी हाताला चटके आणि मगच भाकर. पहिल्या चौकटीत भाजणारा हात यायला हवा, दुसरीत भाकरी. त्यानंतर दोन्ही चौकटींखाली मुलांनी आपल्या घरातली किंवा परिसरातली अशी एक जोडी शब्दांत लिहावी, ज्यात चटका आधी आणि मिळकत नंतर आली. असे केले की उपमेची दुसरी बाजू कागदावर येते. ‘आधी’ या एका शब्दावर कविता तोललेली आहे हे ध्यानात आले, तर चित्राचे काम झाले.

अमूर्त नामे, म्हणजे ‘करुणा’, ‘स्वातंत्र्य’, ‘विरह’ यांसारखी, काढायला देऊ नयेत. मुले हृदय, उडणारे कबुतर किंवा अश्रू काढतात आणि ही चिन्हे त्यांनी कवितेतून नव्हे, तर भिंतीवरच्या पोस्टरांवरून उचललेली असतात.

८. गद्य पाठ आणि पूर्ण पुस्तक यांसाठी ही पद्धत चालते का?

चालते, पण दृश्ये काढत बसू नये. त्यात वेळ जातो आणि हाती थोडे लागते. गद्यासाठी ‘एक वस्तू, एक वाक्य’ ही पद्धत अधिक उपयोगी आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ बेचाळीस रात्रींमध्ये विभागलेली आहे. मुलांनी प्रत्येक रात्रीसाठी एक लहान चौकट आखावी, तिच्यात त्या रात्रीतली एकच वस्तू काढावी आणि खाली पुस्तकातले एकच वाक्य जसेच्या तसे उतरवावे. आंघोळीनंतर पायांना माती लागू नये असा हट्ट श्याम धरतो, त्या रात्रीसाठी आईने खाली पसरलेले लुगड्याचे ओचे कोणी काढेल, तर कोणी केवळ ओले पाऊल काढेल. कोणती वस्तू निवडली, हाच मुलाने पाठाचा लावलेला अर्थ असतो.

नाटकाच्या उताऱ्यासाठी रंगमंचाचा वरून दिसणारा आराखडा काढून पात्रे कुठून येतात आणि कुठे थांबतात हे बाणांनी दाखवावे.

९. चित्रनोंदींना गुण कसे द्यावेत? पालक विचारतात, ‘छान चित्र काढूनही गुण कमी का?’

चित्राच्या सुबकतेला गुण देऊ नयेत, आणि हे वर्षाच्या पहिल्या पालकसभेतच स्पष्ट सांगावे. मी तीन गोष्टी पाहण्याचा आग्रह धरेन. चित्रातल्या किती बाबींसमोर मजकुरातला शब्द लिहिलेला आहे? दुसऱ्या वाचनानंतर काय बदलले? आणि मुलाने स्वतःचा एखादा प्रश्न पानावर लिहिला आहे का?

यांपैकी दुसऱ्या गोष्टीसाठीच खोडरबर नको. पहिल्या वाचनाची नोंद निळ्या पेनाने असेल, तर दुसऱ्या वाचनात सुचलेली दुरुस्ती तिच्यावरच लाल पेनाने करावी. काठावरचे झाड लाल बाणाने पाण्यात ओढलेले दिसले की त्या मुलाने ओळ पुन्हा वाचली, याचा पुरावा आपल्यासमोर असतो. खोडून नव्याने काढलेल्या स्वच्छ चित्रातून हा प्रवास कळत नाही.

१०. दहावीच्या वर्गाला यासाठी वेळ कुठून आणायचा?

आठवड्यातून एक अर्धा तास पुरेसा आहे आणि तो वाया जात नाही. राज्य मंडळाच्या कृतिपत्रिकेत आकृती पूर्ण करणे, ओघतक्ता तयार करणे अशा कृती असतातच. फरक इतकाच की तेथे आकृती छापलेली असते आणि मुलाने रिकाम्या जागा भरायच्या असतात. जे मूल वर्षभर आकृती स्वतः ठरवत आले आहे, त्याला छापील आकृतीमागचा विचार लवकर कळतो. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये यांवर लिहावे लागते. प्रश्न ४ मधील पानाची डावी बाजू हा त्यासाठीचा कच्चा मसुदा असतो. मात्र चित्रनोंद केल्यानंतर सलग परिच्छेद लिहिण्याचा सराव वेगळा घ्यावाच लागतो. सुटे शब्द आणि बाण यांची सवय लागलेली काही मुले पूर्ण वाक्ये टाळू लागतात. ही तक्रार खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

११. वर्गातील एका विद्यार्थिनीला चित्र काढणे अजिबात आवडत नाही. तिच्यावर सक्ती करावी का?

करू नये. काही माणसांच्या मनात वाचताना चित्र उभेच राहत नाही. या स्थितीला 2015 मध्ये ‘अफँटेशिया’ हे नाव मिळाले आणि ती आळसाची किंवा मंदपणाची खूण नाही. अशा मुलांना ‘डोळे मिटून दृश्य पाहा’ ही सूचना निरर्थक वाटते. त्यांना रचनेच्या नोंदी (प्रश्न ६) किंवा पात्रांमधल्या नात्यांची आकृती द्यावी. समासात केवळ शब्दांनी केलेली बारीक टिपणेही तितकीच मोलाची मानावीत.

कारण वेगळेही असू शकते. चित्रावरून पूर्वी कोणी हसले असेल, तर तिची वही काही आठवडे सर्वांसमोर दाखवू नये.

१२. दृष्टिबाधित विद्यार्थी वर्गात असेल, तर ही पद्धत सोडून द्यावी का?

पद्धत सोडू नये, साधन बदलावे. जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून झरा, वाळू पसरून पायवाट आणि कापसाने किंवा खरखरीत कापडाने शेते दाखवता येतात. बोटांनी चाचपत ‘गाव पलीकडे आहे’ हे त्याला कळते आणि कसोटी तीच राहते : प्रत्येक स्पर्शाला कवितेतला शब्द हवा. अशा विद्यार्थ्यासाठी निवड मात्र विचारपूर्वक करावी. रंगांवर उभ्या असलेल्या कवितेपेक्षा नाद, वास आणि स्पर्श यांनी भरलेली कविता घेतली, तर तो वर्गाच्या मागे न राहता पुष्कळदा पुढे असतो. अभंगाच्या चौकटींसाठी चिंचोके किंवा मणी ओळीने मांडावेत.

१३. परदेशातल्या मराठी शाळेतील मुले देवनागरी सावकाश वाचतात. त्यांना हे झेपेल का?

तेथे ही पद्धत विशेष उपयोगी पडते, कारण या मुलांना ऐकलेले मराठी पुष्कळ कळते आणि छापलेले थोडे. आधी कविता ऐकवावी, चित्र काढून घ्यावे आणि मग चित्रातल्या प्रत्येक गोष्टीला देवनागरीत नाव द्यायला सांगावे. डोह, कुरण, औदुंबर यांसारख्या गोष्टी त्यांनी पाहिलेल्या नसतील, म्हणून छायाचित्रे दाखवावीत. पण ती पहिल्या चित्रानंतर दाखवावीत. आजी-आजोबांना चित्र दाखवून त्यांच्याकडून एक शब्द मिळवून आणायचा, हा गृहपाठ दूरभाषवरूनही होतो.

१४. मोबाईलवर किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले चित्र वहीत चिकटवले तर चालेल का?

चित्रनोंद म्हणून चालणार नाही, कारण प्रश्न ३ मध्ये सांगितलेले निर्णय त्यात मुलाने घेतलेले नसतात. तसे चित्र तपासणीसाठी मात्र उत्तम आहे. यंत्राने काढलेले चित्र वर्गाला दाखवावे आणि कवितेशी ते कोठे जुळत नाही, हे ओळींच्या आधारे शोधायला लावावे. पाठ्यपुस्तकात छापलेल्या चित्रालाही हाच न्याय लावता येतो.

१५. चित्रे काढून झाल्यावर त्यांचे पुढे काय करायचे?

भिंतीवर लावण्याआधी ती सांगायला लावावीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवलेले असतात, एका कथेच्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात, आणि कथेकरी एकेक चित्र पुढे करत गाऊन व बोलून कथा उलगडतो. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत चित्र आणि वाणी एकमेकांना पुरी करतात. वर्गातही तेच करावे. मुलाने आपले पान हातात धरून, मूळ ओळी मोठ्याने म्हणत, दोन मिनिटांत कविता सांगावी. चौथीच्या मुलांनाही हे जमते, आणि एरवी तोंड न उघडणारी मुले हातात कागद असला की बोलतात.

१६. मुलांच्या चित्रनोंदी शाळेच्या समाजमाध्यमांवर टाकता येतील का? कवितेचे हक्क आडवे येतात का?

भारतात साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. बालकवींचे निधन 1918 मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या कविता मुक्त आहेत. हयात किंवा अलीकडे दिवंगत झालेल्या कवीची कविता वर्गात शिकवताना वापरण्यास कायद्याची मुभा आहे. तिची संपूर्ण संहिता चित्रासह आंतरजालावर प्रसिद्ध करायची असेल, तर मात्र हक्कधारकाची परवानगी घ्यावी. एखाद-दुसरी ओळ आणि कवीचे नाव देऊन काम भागत असेल, तर तेवढेच द्यावे.

ते चित्र मुलाचे आहे, ही बाब शाळा बहुधा विसरतात. मुलाला आणि पालकांना विचारल्याशिवाय ते कोठेही टाकू नये, त्यावर पूर्ण नाव, इयत्ता आणि छायाचित्र एकत्र देऊ नये, आणि मूल ‘नको’ म्हणाले तर कारण विचारू नये.